घंटा आणि ऑर्गन: साष्टींतील देवालयवाद्यांच्या रक्षणाचा विचार

(१)

साष्टी हा शब्द ‘षट्षष्टि’ ह्या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश असून सहासष्ट गांवांचा समूह असा त्याचा अर्थ सांगतात. मुंबईच्या उत्तरेस वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत पसरलेल्या ह्या बेटावर आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं उपनगरें दाटीनें वसलेलीं आहेत. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला, तेव्हांपासून १७३७ पर्यंत हें बेट त्यांच्या अमलाखालीं होतें. ह्या दोनशें वर्षांत येथें जीं ख्रिस्ती देवळें उभीं राहिलीं त्यांच्या भिंतींविषयीं, थडग्यांवरील लेखांविषयीं व मठांच्या उत्पन्नांविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे. परंतु त्या देवळांच्या उपासनेंत जीं वाद्यें लागत त्यांचें पुढें काय होतें, तीं कशानें वांचतात व कशानें नष्ट होतात, ह्या प्रश्नाकडे अभ्यासकांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

अंधेरीच्या पूर्वेस, १९७३ सालीं स्थापन झालेल्या ‘सीप्झ’ ह्या निर्यात-व्यापाराच्या वसाहतीच्या कुंपणाच्या आंत, संत योहान बाप्तिस्त याच्या देवळाचे अवशेष उभे आहेत. हें देऊळ १५७९ सालीं जेसुइट पाद्र्यांनीं बांधिलें. १८४० सालीं सांथीच्या रोगामुळें वस्ती उठली. तेव्हां वेदी, मूर्ति, खांब वगैरे सामान मरोळ येथील नव्या देवळासाठीं नेण्यांत आलें आणि जुन्या जागीं भिंती तेवढ्या राहिल्या. ज्या देवळास छप्पर उरलें नाहीं त्यांत वाद्य कोठून असणार? परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जें सामान गेलें तें त्याच गांवच्या लोकांनीं, त्याच उपासनेसाठीं, हांकेच्या अंतरावर नेलें; त्यामुळें तें कोठून आलें ह्याची आठवण त्याच्याबरोबर गेली.

बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरीं ह्याहून निराळा प्रकार घडला. तेथील लेणें मूळचें शैव. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो दो पोर्तो नांवाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें त्याचें ख्रिस्ती देऊळ केलें, व लेण्याच्या माथ्यावर मठ व विद्यालय उभें राहिलें. मराठ्यांनीं साष्टी घेतल्यावर लेणें पुन्हां शिवाकडे आलें. लेण्यांतील एका शिळेवर कोरलेला क्रूस आजही दिसतो व माथ्यावरील इमारतीच्या पडक्या भिंतीही दिसतात. वास्तु हालवितां येत नाहीं, म्हणून तिचा सर्व पूर्ववृत्तांत थरांवर थर असा जागच्या जागीं राहतो. वाद्याचें तसें नाहीं. तें हालवितां येतें, म्हणूनच तें पुष्कळदां वांचतें. पण हालल्यामुळेंच तें कोठलें, कोणाचें व कोणत्या सालीं तेथें आलें ह्याचा विसर पडतो. वस्तु राहणें आणि वस्तूचा वृत्तांत राहणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. रक्षणाचा विचार करणाऱ्यानें दोहोंचाही विचार केला पाहिजे, हें आमच्या प्रतिपादनाचें सार होय.

(२)

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. ह्या विभागणीप्रमाणें घंटा हें घन वाद्य व ऑर्गन हें सुषिर वाद्य ठरतें. ऑर्गन म्हटल्याबरोबर मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढें संगीत नाटकाच्या रंगमंचापुढील पायपेटी उभी राहते. पण तिचे सूर पितळी पट्ट्यांच्या कंपनानें निघतात. येथें अभिप्रेत असलेला ऑर्गन नळ्यांचा आहे. त्याची रचना थोडक्यांत अशी: भात्यानें एका बंद पेटींत वारा भरावयाचा, वादकानें सुराची पट्टी दाबली कीं त्या सुराची झडप उघडते व वारा नेमक्या नळींत शिरून ती बांसरीप्रमाणें किंवा सनईप्रमाणें वाजते. नळ्या कांहीं लांकडी, कांहीं कथील व शिसें यांच्या मिश्रणाच्या. भात्यांना व झडपांना कातडें लावलेलें. मोठ्या ऑर्गनांत अशा नळ्यांची संख्या हजारोंनीं मोजावी लागते.

ह्या वर्णनावरूनच त्याच्या शत्रूंची यादी करितां येईल. कातड्यास दमट हवा, उंदीर व कसर, लांकडास वाळवी, आणि कथील व शिसें यांस मनुष्याचा लोभ. शिवाय ह्या वाद्यास एक असा शत्रु आहे कीं जो घंटेस नाहीं, तो म्हणजे जाणकाराचा अभाव. सूर बिघडला तर लावणारा पाहिजे, भाता फाटला तर सांधणारा पाहिजे, आणि सर्व नीट असलें तरी वाजविणारा पाहिजे. ह्या तिघांपैकीं एक जरी नाहींसा झाला तरी ऑर्गन मुका होतो. आणि मुकें झालेलें वाद्य फार दिवस कोणी जागा अडवून ठेवूं देत नाहीं.

लोभाचीं व द्वेषाचीं उदाहरणें युरोपच्या इतिहासांतही विपुल आहेत. इंग्लंडांत १६४४ सालीं पार्लमेंटनें चर्चांतील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम केला. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, जर्मनीच्या सरकारनें आपल्याच देशांतील ऑर्गनांच्या दर्शनी नळ्या कथिलासाठीं काढून नेल्या. पहिल्या ठिकाणीं धर्ममत कारण झालें, दुसऱ्या ठिकाणीं केवळ धातूची टंचाई. वाद्याच्या वांट्यास मात्र एकच गति आली.

हिंदुस्थानांतील ऑर्गनाचा एक जुना वृत्तांत फारसी ग्रंथांत सांपडतो. अकबर बादशहानें १५७५ सालीं हाजी हबीबुल्ला यास गोव्यास पाठविलें होतें. तेथून तो कारागीर व नवलाईच्या वस्तु घेऊन परत आला. त्यांत एक ऑर्गन होता. हें वाद्य हिजरी ९८८, म्हणजे सुमारें १५८० सालीं, लोकांस दाखविण्यांत आलें. त्याचें वर्णन बदायुनीनें केलें आहे. माणसाएवढी मोठी पेटी, आंत बसून वाजविणारा फिरंगी, आणि मोरपिसांसारख्या दिसणाऱ्या भात्यांवर काम करणारीं आणखी माणसें असें तें वर्णन आहे. बदायुनीस ह्या वाद्याची रचना पुरती उमजली होती असें त्याच्या शब्दांवरून दिसत नाहीं. त्याला तें सृष्टींतील एक आश्चर्य वाटलें, एवढें खरें. परंतु जें वाद्य दरबारांत केवळ आश्चर्य म्हणून आलें, ज्याला रोजचें काम नव्हतें, तें पुढें टिकलें नाहीं. वर्णन राहिलें, वाद्य गेलें. ग्रंथांत शिरलेली वस्तु तेवढी काळाच्या हातून सुटली, असा हा प्रकार आहे.

दुसरें उदाहरण ह्याच्या उलट आहे. टिपू सुलतानाच्या संग्रहांतील लांकडी वाघ प्रसिद्ध आहे. गोऱ्या माणसाच्या छातीवर बसलेल्या त्या वाघाच्या पोटांत अठरा सुरांचा लहानसा नळ्यांचा ऑर्गन आहे. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लुटींत इंग्रजांच्या हातीं लागला व १८०८ पासून लंडनमध्यें कंपनीच्या कचेरींतील संग्रहालयांत लोकांपुढें ठेवण्यांत आला. तेथें येणारा प्रत्येक माणूस दांडा फिरवून वाघाला गुरगुरावयास लावी, आणि शेजारच्या वाचनालयांत बसलेल्या अभ्यासकांस तो उपद्रव असह्य होई. अखेर तो दांडाच नाहींसा झाला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या माऱ्यानें छत कोसळून वाघाचे असंख्य तुकडे झाले. ते जुळवून १९४७ सालीं तो पुन्हां उभा करण्यांत आला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. हा ऑर्गन वांचला खरा, पण कसा? आपला देश, आपला धनी व आपला उपयोग हे तीन्ही गमावून. मात्र तो कोणाचा, कोठून व कोणत्या सालीं आणला हें कागदोपत्रीं पक्कें नोंदलेलें असल्यामुळें त्याचा वृत्तांत शाबूत राहिला.

अकबराच्या ऑर्गनाचें वर्णन आहे पण वाद्य नाहीं. टिपूच्या वाघाचें वाद्यही आहे व वृत्तांतही आहे. आतां तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे वाद्य आहे पण वृत्तांत नाहीं, अशा वस्तूंकडे वळूं. ह्या वस्तु वसई-साष्टींतून गेलेल्या घंटा होत.

(३)

चर्चची घंटा कांशाची, म्हणजे सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील यांच्या रसाची ओतलेली असते. तिच्या अंगावर ओततांनाच उठावदार अक्षरांत साल, संताचें किंवा देणाऱ्याचें नांव, क्रूस वा मूर्ति काढण्याची चाल आहे. वाळवी तिला खात नाहीं, पाऊस तिचें फारसें बिघडवीत नाहीं, व ती वाजविण्यास गुरु करावा लागत नाहीं. तिला भय एकच, तें भट्टीचें. तोफेचा धातु व घंटेचा धातु हे सख्खे भाऊ आहेत. म्हणून जेथें युद्ध तेथें घंटेवर संकट, हा जगाचा अनुभव आहे. फ्रान्सच्या राज्यक्रांतींत चर्चांच्या घंटा उतरवून त्यांचीं नाणीं व तोफा करण्यांत आल्या. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं युरोपभरांतून सुमारें १,७५,००० घंटा गोळा केल्या व त्यांपैकीं सुमारें १,५०,००० नष्ट झाल्या. ज्या उरल्या त्या हॅम्बुर्गच्या बंदरांत रांगा लावून पडलेल्या होत्या.

आतां आपल्याकडे काय घडलें तें पाहूं. १७३७ च्या मार्च-एप्रिलांत मराठ्यांनीं ठाणें व साष्टी काबीज केली आणि मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. शरण आलेल्या शिबंदीस सन्मानानें निघून जाऊं देण्यांत आलें. ज्या चर्चांच्या घंटा विजयी सैन्याच्या हातीं लागल्या त्या हत्तीच्या पाठीवर किंवा गाड्यांवर घालून घाट चढविणें हें सोपें काम नव्हे. एवढा खटाटोप करून आणलेल्या कांशाच्या तोफा ओतणें सहज शक्य होतें, आणि तोफांची गरज पेशव्यांस नव्हती असें कोणी म्हणणार नाहीं. असें असतां त्यांतील कित्येक घंटा देवळांत टांगल्या गेल्या. नाशकास पंचवटींत नारोशंकराच्या रामेश्वराच्या देवळावर जी प्रचंड घंटा आहे तिच्यावर १७२१ हें साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटा १७०७ सालची असून तिच्यावर बाल येशूस घेतलेल्या मरियेची मूर्ति आहे. तिचें वजन सुमारें ६५० किलो सांगतात. भीमाशंकरासही अशीच मरियेच्या मूर्तीची घंटा आहे. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळांतील घंटाही वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनीं वाहिली असें परंपरा सांगते.

ह्या घंटा भट्टींतून कशानें वांचल्या? आमच्या मतें ह्याचें उत्तर धर्मशास्त्रांत आहे. देवास वाहिलेली वस्तु देवस्व होते, व देवस्वाचा अपहार हें महापातकांसमान मानिलें आहे. घंटा जोंपर्यंत लूट होती तोंपर्यंत तिचा धनी तिचें कांहींही करूं शकत होता. ती देवापुढें टांगली गेली त्या क्षणीं राजासही ती वितळविण्याचा अधिकार उरला नाहीं. पुढें त्याच राज्यास कर्जानें व युद्धांनीं जेरीस आणलें, तोफखान्यांच्या मागण्या वाढल्या, शेवटीं राज्यही गेलें. पण त्या घंटांस कोणीं हात लाविला नाहीं. दुसरें कारण असें कीं, त्यांना लगेच काम मिळालें. दर्शनास येणाऱ्या प्रत्येकानें टोला द्यावा अशी आपली रीत असल्यामुळें ह्या घंटा एक दिवसही मुक्या राहिल्या नाहींत. अकबराच्या ऑर्गनास जें मिळालें नाहीं तें ह्या घंटांस मिळालें.

नाशकाच्या घंटेनें तर आणखी एक काम पत्करिलें आहे. गोदावरीस पूर आला म्हणजे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगापर्यंत चढलें व नारोशंकराच्या घंटेस लागलें कीं नाहीं, ह्यावर नाशिककर पुराचें मान ठरवितात. ज्या घंटेवर परक्या धर्माचें चिन्ह आहे ती गांवाच्या रोजच्या बोलण्याचा भाग झाली.

तथापि येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांच्या मनोऱ्यांतून ह्या घंटा उतरल्या त्यांच्या दृष्टीनें ही हानीच होती. साष्टी व वसईच्या ख्रिस्ती रयतेंत पुष्कळ लोक मूळचे येथलेच, मराठी बोलणारे होते. त्यांचे वंशज आजही मरोळ, अंधेरी, बोरिवली व वसई येथें नांदत आहेत, आणि साष्टींतील त्यांच्या समाजानें १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें आहे. त्या रयतेचा विजयी सैन्याशीं लढा नव्हता. तेव्हां ‘आम्हीं घंटा वांचविल्या’ असा अभिमान बाळगणें योग्य नव्हे. त्या विजयानें हालल्या व भक्तीनें वांचल्या, इतकेंच इतिहासकारानें म्हणावें.

(४)

आतां ह्या घंटांच्या वृत्तांताचा विचार करूं. सामान्यतः ह्या सर्व घंटा ‘चिमाजी अप्पांनीं वसईहून आणून अमुक देवास वाहिल्या’ अशा एका वाक्यांत सांगितल्या जातात. हें वाक्य कालगणनेच्या कसोटीस लावून पाहिलें म्हणजे अडचणी दिसूं लागतात.

चिमाजी अप्पा १७४० च्या डिसेंबरांत वारले. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ १७४७ सालचें. तेव्हां तेथील घंटा वसईची मानिली तरी ती वसईहून थेट त्या देवळावर चढणें शक्य नाहीं. मधल्या आठ वर्षांत ती दुसरीकडे कोठें तरी होती. मेणवलीची अडचण ह्याहून मोठी आहे. ज्या नाना फडणिसांचा वाडा व घाट तेथें प्रसिद्ध आहे त्यांचा जन्मच १७४२ चा, म्हणजे अप्पांच्या मृत्यूनंतरचा. आणि मेणवली गांव नानांकडे आलें तें १७६८ च्या सुमारास. वसई पडल्यापासून ह्या घटनेपर्यंत एकोणतीस वर्षें जातात. तेवढा काळ ही घंटा एखाद्या सरकारी कोठारांत होती, कीं दुसऱ्या एखाद्या देवळांतून नानांनीं ती आणविली, हा प्रश्न केवळ परंपरेच्या आधारें सुटणारा नाहीं.

घंटेवरील सालाचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. १७०७ किंवा १७२१ हें साल १७३९ पूर्वींचें आहे, ह्यावरून घंटा वसईची असणें असंभवनीय नाहीं एवढेंच सिद्ध होतें. ती वसईचीच आहे हें सिद्ध होत नाहीं. कोंकणपट्टींत पोर्तुगीजांचीं ठाणीं वसईखेरीज चौल, रेवदंडा, ठाणें, वांद्रें, तारापूर अशीं अनेक होतीं, आणि साष्टींतील लहान-मोठ्या देवळांची संख्या तर पुष्कळच होती. एखादी घंटा अंधेरीच्या मनोऱ्यावरची असेल तर आज ती ‘वसईची’ ह्याच नांवानें ओळखली जाईल. कारण विजयाचें नांव वसईचें, साष्टीचें नव्हे. मोठ्या नांवाखालीं लहान गांवांचीं नांवें बुजून जातात, हा अनुभव हस्तलिखितांच्या संग्राहकांस नवा नाहीं. कोणतीही निनांवी ओवी प्रसिद्ध संताच्या नांवावर जाते, तशीच ही गोष्ट आहे.

पोथीचें उदाहरण आम्हांस येथें विशेष लागू वाटतें. पोथीचें पहिलें पान व शेवटची पुष्पिका गेली म्हणजे मजकूर सगळा असला तरी ग्रंथ पोरका होतो. लेखक, लेखनकाल व स्थळ सांगणारें कांहीं उरत नाहीं. घंटेच्या अंगावरील उठावदार लेख ही तिची पुष्पिका होय. आणि ती पुष्पिका आज आमच्या डोळ्यांदेखत पुसली जात आहे.

(५)

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका देवस्थानांत अशी घंटा पाहण्यास गेलों होतों. स्थळाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें उत्सवानिमित्त घंटेस आंतून-बाहेरून चकचकीत रुपेरी तैलरंग दिलेला आढळला. अक्षरांच्या कडा रंगाच्या थराखालीं अशा बुजल्या होत्या कीं, सालाचा तिसरा आंकडा दोन आहे कीं सात हें बोटानें चांचपूनही कळेना. पुजाऱ्यांस विचारिलें असतां ते म्हणाले, ‘देवाची वस्तु स्वच्छ दिसावी म्हणून भक्तांनीं केलें.’ त्यांच्या भक्तीस दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. घंटेचा नाद त्याही दिवशीं गोड होता. पण तिचा वृत्तांत आम्हांस घेतां आला नाहीं, व रिकामी वही घेऊन परत यावें लागलें.

म्हणून देवस्थानांचे विश्वस्त व अभ्यासक ह्या दोघांच्याही उपयोगी पडतील अशा कांहीं गोष्टी येथें नमूद करितों. पहिली, घंटेस रंग देऊं नये. आणि चिंच, राख, वाळू किंवा तारेचा ब्रश यांनीं घांसूं नये. कांशावर चढलेला हिरवट-काळसर थर धातूस सहसा मारक नसतो, पण घांसण्यानें उठावदार अक्षरें प्रतिवर्षीं झिजतात. कोरडें मऊ फडकें पुरे. दुसरी, लोळा सतत एकाच ठिकाणीं आदळल्यानें तेथें खांच पडते व अखेर तडा जातो. युरोपांत अशा वेळीं घंटा पाव फेरा फिरवून टांगतात, म्हणजे टोला नव्या जागीं बसतो. दगडानें किंवा लोखंडी कांबीनें बाहेरून ठोकणें तर सर्वथा टाळावें. तिसरी, तडा गेल्यास गांवांतल्या गांवांत डाग देऊन घेऊं नये. धातूस विषम उष्णता लागून तडा वाढतो. नवी घंटा ओतविण्यासाठीं जुनी वितळविणें हा तर जीर्णोद्धार नव्हे. त्यानें वस्तु व वृत्तांत दोन्ही एकदम नाहींशीं होतात. चौथी, टांगण्याचे लोखंडी आंकडे गंजतात. पडलेल्या घंटेपेक्षां वेळींच बदललेला आंकडा स्वस्त पडतो.

अभ्यासकाचें काम ह्यापुढें सुरू होतें. तोंडाचा व्यास, उंची व काठाची जाडी मोजावी. लेखावर पातळ कागद धरून मेणानें किंवा मऊ शिसपेन्सिलीनें घांसून ठसा घ्यावा. तिरप्या उजेडांत छायाचित्रें घ्यावीं, कारण समोरच्या उजेडांत झिजलेलीं अक्षरें दिसत नाहींत. मग कागदांकडे वळावें. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादिलेले ४५ भाग १९३० ते १९३४ ह्या काळांत प्रसिद्ध झाले. त्यांपैकीं १६ वा व ३४ वा हे भाग वसईच्या मोहिमेचे आहेत. परंतु घंटेची नोंद लढाईच्या पत्रांत सांपडण्यापेक्षां देवस्थानच्या जमाखर्चांत, गाडीभाड्याच्या यादींत किंवा सुतार-लोहारांच्या मजुरींत सांपडण्याचा संभव अधिक. घंटा चढविण्यास खांब, दोर व माणसें लागलीं, आणि पेशवाईंत माणसें लागलीं कीं त्यांचा हिशेब लिहिला जाई. असे किरकोळ रुमाल आजही अनेक घराण्यांत व देवस्थानांत न उलगडलेले पडून आहेत. वसईंतील कांहीं हौशी अभ्यासकांनीं गांवोगांव फिरून ह्या घंटा शोधण्याचा उद्योग चालविला आहे तो स्तुत्य होय. त्यास कागदांची जोड मिळाली पाहिजे.

ऑर्गनाविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मुंबईंत फोर्टमधील संत थॉमसचें कॅथीड्रल व कुलाब्याचें होली नेम कॅथीड्रल येथें नळ्यांचे ऑर्गन आहेत. उपनगरांतील बऱ्याच चर्चांत आतां विजेच्या पेट्यांवर काम भागतें. त्यामुळें जाणकारांची संख्या कमी होत जाणें स्वाभाविक आहे. ज्या संस्थेकडे असें वाद्य आहे तिनें तें नियमानें वाजतें ठेवावें, कारण न हालणाऱ्या झडपा चिकटतात व भात्याचें कातडें ताठरतें. पावसाळ्यांत छपराची गळती पहिल्या आठवड्यांतच पाहावी; नळ्यांवर पडलेल्या पाण्यापेक्षां पेटींत मुरलेलें पाणी अधिक घात करितें. वाळवीसाठीं पाया व मागची भिंत तपासावी. नळ्या काढाव्या लागल्या तर प्रत्येकीवर क्रमांकाची चिठ्ठी बांधून त्या आडव्या, एकीवर एक न ठेवतां ठेवाव्या. शिशाची नळी आपल्याच भारानें वांकते. युरोपांत असेंही आढळून आलें आहे कीं, पेटींतील ओकच्या लांकडांतून निघणाऱ्या आम्ल वाफेनें शिशाच्या नळ्या पोखरल्या जातात. म्हणून दुरुस्तींत कोणतें लांकूड वापरावें हेंही जाणत्यास विचारून ठरवावें. आणि न वाजणारा ऑर्गन भंगारांत देण्यापूर्वीं त्याच्या कारागिराच्या नांवाची पट्टी, नळ्यांवरील खुणा व खरेदीचे कागद यांची नक्कल अवश्य करून ठेवावी. अकबराच्या ऑर्गनाची आज जी ओळख आहे ती एका इतिहासलेखकाच्या थोड्याशा ओळींमुळें आहे, हें विसरतां कामा नये.

(६)

ह्या घंटा परत कराव्या काय, असा प्रश्न कोणी विचारील. पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ ज्या देवापुढें त्या वाजत आहेत तेथील भक्तांचाही त्यांवर हक्क जडला आहे. आणि ज्या देवळांतून त्या निघाल्या त्यांतील कित्येक आज उभीं नाहींत. तेव्हां वस्तु परत करण्याचा वाद आम्ही घालीत नाहीं. परंतु वृत्तांत परत करितां येईल. मेणवलीच्या किंवा भीमाशंकराच्या घंटेजवळ एक लहानशी पाटी असावी. ही घंटा अमुक सालीं ओतलेली असून तिच्यावर अमुक लेख आहे, इतका साधा मजकूर तिच्यावर पुरे. आणि एखाद्या घंटेचें मूळ गांव कागदांवरून ठरलें, तर तिच्या लेखाचा ठसा त्या गांवच्या चर्चमध्यें लावावा. मरोळच्या एखाद्या वृद्ध ईस्ट इंडियन गृहस्थास, आपल्या पूर्वजांस सायंप्रार्थनेस बोलाविणारी घंटा सह्याद्रीच्या माथ्यावर अजून वाजत आहे, हें कळणें थोडें नव्हे. ती ज्यांस तेव्हां बोलावीत होती ते घरांत मराठी बोलत, आणि ज्यांस आज बोलावते तेही मराठीच बोलतात.

ह्या उद्योगास घाई करण्याचें कारण उघड आहे. घंटा आणखी दोनशें वर्षें टिकेल; तिच्यावरील अक्षरें टिकतीलच असें नाहीं, आणि देवस्थानांच्या जुन्या वह्या तर दर पावसाळ्यास कमी होत आहेत. ज्या वाचकांच्या गांवीं किंवा कुलदैवताच्या ठिकाणीं अशी घंटा असेल त्यांनीं तिचें माप, साल व लेखाचा ठसा ह्या त्रैमासिकाकडे पाठवावा. ज्यांच्या संग्रहीं देवस्थानच्या जमाखर्चाचे रुमाल असतील त्यांनीं १७३७ ते १७७० ह्या सालांचे ते एकवार चाळून पाहावे. एखादी ‘घंटा चढविण्याचे मजुरीबद्दल’ अशी नोंद सांपडली, तर जें काम मोठ्या ग्रंथांनीं झालें नाहीं तें तेवढ्या एका ओळीनें होईल. इत्यलम्.